राखीव कॅचर, मग कोच, मग मॅनेजर: ब्रूस बोची

नीलकंठ_सॅनहोजे:

परवा क्रिकेटच्या धाग्यावर राखीव खेळाडूंबद्दल कुणीतरी सहज लिहून गेलं, "बाकावर बसून पगार घेणारी जमात". उत्तर तिथेच द्यायला बसलो, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय. बेसबॉल कळत नसेल तरी वाचा, अडेल तिथे विचारा.

त्याच जमातीतला अमेरिकी बेसबॉलपटू ब्रूस बोची १९५५ साली नैऋत्य फ्रान्समध्ये जन्मला, कारण वडील अमेरिकी लष्करात होते आणि तेव्हा नेमणूक तिकडे होती. मग बदल्यांमागून बदल्या, आणि शेवटी बिऱ्हाड फ्लोरिडातल्या मेलबर्न गावात टेकलं. १९७५ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी त्याला घेतलं, १९७८ च्या जुलैत तो पहिला मोठा सामना खेळला. पुढे १९८७ पर्यंत ह्यूस्टन, न्यूयॉर्क मेट्स आणि सॅन डिएगो पाड्रेज. मेजर लीगचे एकूण नऊ हंगाम, ३५८ सामने, बॅटिंगची सरासरी .२३९ (हजारात २३९ वेळा हिट, म्हणजे फटका मारून धावेच्या वाटेवरचा टप्पा, बेस, गाठला; बेताचीच), होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) २६. एका हंगामात १६२ सामने असतात. म्हणजे वर्षाला चाळीसेक सामने खेळला आणि उरलेला काळ बाकावर, बुलपेनमध्ये (राखीव गोलंदाज तयारी करतात ती जागा) किंवा मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, बसमध्ये गेला. पाड्रेजकडे त्याच्या पुढे मुख्य कॅचर टेरी केनेडी होता. तो जातोय तोवर बेनिटो सांतियागो आला आणि १९८७ चा सर्वोत्तम नवोदित ठरला. बोचीचा नंबर कधी लागलाच नाही.

आता राखीव कॅचर नेमकं करतो काय? कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक असं समजून चालू नका. यष्टिरक्षक गोलंदाजाला सुचवतो, कॅचर सांगतो. कुठला चेंडू, आत की बाहेर, वर की खाली, हे प्रत्येक चेंडूआधी मांड्यांमध्ये बोटं धरून ठरायचं (२०२२ पासून त्यासाठी मनगटावर बटणांचं यंत्र बांधता येतं). मैदानावर नऊ जण असतात, त्यातले आठ बॅटरकडे तोंड करून उभे. एकटा कॅचर उलट दिशेला बसतो आणि त्याला सगळं मैदान समोर दिसतं.

राखीव कॅचरला यातलं सगळं यावं लागतं, फक्त खेळायला मिळत नाही. रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारचा असला की मुख्य कॅचरच्या गुडघ्यांना सुटी म्हणून हा आत. एरवी बुलपेनमध्ये उकिडवं बसून एकेका रिलीव्हरचे (मधूनच बदली येणाऱ्या गोलंदाजाचे) चेंडू झेलायचे. कुणाचा हात आज जड आहे, कोण घाबरल्यावर घाई करतो, कोणाला शिवी लागते आणि कोणाला पाठीवर हात, हे सगळं तो फुकटात शिकतो. आमच्या आजोळी पंगतीत शेवटी जेवायला बसणाऱ्या मामीला पक्कं माहीत असायचं कोणाला काय आवडतं आणि कोण पानात टाकतं. तसंच काहीसं.

खेळणं संपल्यावर पाड्रेजनी त्याला मॅनेजर केलं, पण कुठे? १९८९ ला स्पोकेन, सगळ्यात खालच्या पायऱ्यांपैकी एक. तिथे अजिंक्यपद. मग १९९१ ला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात हाय डेझर्ट मॅव्हरिक्स, तिथे अजिंक्यपद. १९९२ ला विचिटा, पुन्हा तेच. १९९३ ला मुख्य संघात तिसऱ्या बेसचा कोच आणि १९९५ च्या हंगामाला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पाड्रेजचा मॅनेजर. १९९६ मध्ये शेवटच्या तीन दिवसांत लॉस एंजेलिसला जाऊन डॉजर्सना तिन्ही सामन्यांत हरवलं आणि एका विजयाच्या फरकाने विभाग जिंकला. १९९८ ला ९८ विजय आणि थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम लढत, आधी चार सामने जिंकेल तो विजेता. समोर त्या वर्षीचे यँकीज होते, चार-शून्य धुतले गेले, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खरी गोष्ट २००६ नंतरची. बारा वर्षांनी पाड्रेजने त्याला जाऊ दिलं आणि तो आमच्याकडे, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे आला. २०१०, २०१२, २०१४ अशी तीन अजिंक्यपदं. सॅन फ्रान्सिस्कोला आल्यापासून या संघाने एकही वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती, शेवटची १९५४ ची, तीही न्यूयॉर्कमध्ये असताना.

मी २०१० ला नुकताच इकडे आलो होतो. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसात सगळे नारिंगी कपडे घालून यायचे म्हणून मीही एक नारिंगी शर्ट घेतला. वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना बघायला सहकाऱ्याच्या घरी गेलो तेव्हा सातव्या इनिंगपर्यंत (एकूण नऊ असतात) शून्य-शून्य होतं. दोन जण बेसवर, बॅटिंगला ऑब्री हफ. बोचीने त्याला बंट करायला लावलं, म्हणजे स्वतः बाद होऊन पुढच्यांना सरकवायचं. सहकारी सोफ्यावरून उठून उभा राहिला, कारण हफने आख्ख्या कारकिर्दीत एकदाही असं केलेलं नव्हतं! बंट उत्तम पडला. मग एडगर रेंटेरियाने टेक्सास रेंजर्सचा पिचर (म्हणजे गोलंदाज) क्लिफ ली याला तीन धावांचा होमरन ठोकला, सामना ३-१ ने जिंकला आणि वर्ल्ड सिरीज खिशात. त्या बंटमुळे मी या खेळात अडकलो, होमरनमुळे नाही.

बाकीचं प्रतिसादात लिहीन, चहा गार होतोय.

---

जुई_प:

मस्त लिहिलंय. मामीची उपमा काळजाला भिडली, आमच्याकडे ती मामी म्हणजे आईच होती.
एक बाळबोध प्रश्न: मॅनेजर आणि कोच वेगळे का? क्रिकेटमध्ये कर्णधार ठरवतो ना सगळं?

---

नीलकंठ_सॅनहोजे:

@जुई_प, बाळबोध नाही, मला दोन वर्षं लागली कळायला. बेसबॉलमध्ये कर्णधाराला सामन्यात जवळजवळ काही अधिकार नसतात. बॅटिंगचा क्रम, पिचर कधी बदलायचा, बंट करायचा का, सगळं मॅनेजर ठरवतो. कोच त्याच्या हाताखाली, पिचिंगचा वेगळा, बॅटिंगचा वेगळा, पहिल्या आणि तिसऱ्या बेसपाशी उभे राहून धावणाऱ्यांना हातवारे करणारे वेगळे. मॅनेजर सामन्यात सुद्धा खेळाडूंसारखाच पोशाख घालतो. साठी उलटलेला, गुडघे गेलेला माणूस बेसबॉलची विजार घालून संथ पावलं टाकत पिचरकडे चाललाय, हे दृश्य पहिल्यांदा बघून मी हसलो होतो. आता बोचीची ती चाल दुरूनही ओळखतो.

---

टवाळ_कार्ट:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोणीतरी आता "क्रिकेट हाच खरा खेळ" म्हणून उडी मारेलच.

---

शंकासूर:

क्रिकेटवाला नाही मी, पण उडी मारतो.

धागाकर्त्याने आकडे सोयीने निवडलेत. बोची २०१९ ला जायंट्समधून निवृत्त झाला तेव्हा त्याचे विजय होते २००३ आणि पराभव २०२९. म्हणजे जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त. नंतर टेक्सास रेंजर्सचा मॅनेजर होता ती तीन वर्षं धरली तरी २२५२ आणि २२६६. इतके विजय मोजक्याच मॅनेजरांच्या नावावर आहेत हे मान्य, पण दारावरून वरात गेली की नवरा आपलाच म्हणायचं असं झालंय. तीन ऑक्टोबर (अजिंक्यपदाच्या बाद फेऱ्या तेव्हा असतात) छान गेले म्हणून तो थोर?

दुसरं. राखीव कॅचर शेकड्यांनी झाले. त्यातले बहुतेक घरी जाऊन विमा विकायला किंवा मुलांना शिकवायला लागले. जे मॅनेजर झाले तेवढेच आपल्याला दिसतात. बाकावर बसल्याने शहाणपण येतं हे यातून कसं सिद्ध होतं?

---

डॅलसकर:

शंकासूर, "तीन ऑक्टोबर" नाही, चार. आमचा विसरलात.

मी रेंजर्सवाला. २०१० ला याच बोचीने आम्हाला वर्ल्ड सिरीजमध्ये हरवलं. २०११ ला आम्ही सेंट लुईसविरुद्ध सहाव्या सामन्यात अजिंक्यपदापासून दोनदा एका स्ट्राइकवर, म्हणजे एका चेंडूवर, होतो, दोनदा निसटलं. त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी (ते इथे सहा महिने आले होते आणि बेसबॉलचं वेड घेऊन कोल्हापूरला परतले) फोनवर नाव काढणंच सोडून दिलं.

२०२२ ला रेंजर्स ९४ सामने हरले. मग बोचीला बोलावलं. बोलावलं कोणी, तर ख्रिस यंगने, जो २००६ ला पाड्रेजमध्ये बोचीच्या हाताखाली पिचर होता आणि तेव्हा रेंजर्सचा जनरल मॅनेजर होता. तीन वर्षं घरी बसलेला ६७ वर्षांचा माणूस. आमच्या गटातले निम्मे म्हणाले, गेली भैंस पानी में.

२०२३ ला ९० विजय, वाइल्ड कार्डमधून, म्हणजे विभाग न जिंकता, बाद फेरीत शिरलो आणि पुढचं सगळं तोंडात बोट घालायला लावणारं. बाहेरच्या मैदानावर अकरा सामने, अकराही जिंकले. ह्यूस्टनविरुद्ध सात सामने झाले आणि सातही पाहुण्यांनी जिंकले. त्यातल्या पाचव्यात ह्यूस्टनच्या अल्तुवेने नवव्या इनिंगमध्ये आमच्या पिचर लेक्लर्कला तीन धावांचा होमरन मारला आणि घरच्या मैदानावर आम्ही हरलो. दुसरा कुणी मॅनेजर असता तर लेक्लर्क उरलेला महिना पाणी वाटत बसला असता. बोचीने पुढेही त्याच्याच हातात चेंडू दिला. आणि ह्यूस्टन हा तोच संघ, जिथून बोचीची सुरुवात झाली!

६३ वर्षांत क्लबचं पहिलं अजिंक्यपद. आर्लिंग्टनच्या मिरवणुकीत मी ऑफिसला दांडी मारून गेलो. सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला तर तिकडे रात्र झालेली, पण ते बनियनवर बसून आख्खी मिरवणूक बघत होते.

---

नीलकंठ_सॅनहोजे:

डॅलसकर, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

शंकासूर, दुसरा मुद्दा मान्य. राखीव कॅचरला शहाणपण आपोआप येत नाही, शिकायची जागा मिळते एवढंच. पहिल्याबद्दल मात्र भांडतो. १६२ सामन्यांचा हंगाम संघाकडे किती पैसा आणि किती चांगले पिचर आहेत हे दाखवतो. पाड्रेजमध्ये १९९८ नंतर संघ मोडून विकला होता, तिथे कुणीही हरला असता. ऑक्टोबरमध्ये एकेका पिचरचा प्रश्न असतो, आणि तिथे बोची काय करायचा ते बघा.

२०१० ला बॅरी झिटो नावाच्या पिचरला जायंट्सनी १२.६ कोटी डॉलरचा करार दिलेला होता. बोचीने त्याला प्लेऑफच्या (ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांच्या) यादीतून साफ वगळलं. पाब्लो सांदोव्हाल लाडका खेळाडू, तोही बाकावर. आता २०१२ ला या. सेंट लुईसविरुद्ध १-३ ने मागे, हरलं की घरी. पाचव्या सामन्यात चेंडू कोणाच्या हातात? झिटोच्या. आठव्या इनिंगपर्यंत त्याने एकही धाव दिली नाही, वर स्वतः बंट करून एक धावही काढली. मग वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात त्याने व्हर्लँडरच्या टायगर्सना हरवलं आणि त्याच सामन्यात सांदोव्हालने तीन होमरन मारले. ज्यांना बसवलं होतं ते दोघेही दोन वर्षांनी रुसून न बसता उभे राहिले. बसवायचं कसं, हे बसलेल्या माणसाला जास्त कळतं, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही, ठीक आहे.

आणि बुलपेन. ॲफेल्ट, कासिया, लोपेझ, रोमो हे चार रिलीव्हर तिन्ही अजिंक्यपदांत होते. मुख्य क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा) ब्रायन विल्सन २०१२ च्या सुरुवातीलाच जायबंदी झाला, तरी गाडी अडली नाही. दोनदा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकलेला लिन्सेकम त्या वर्षी सुरुवातीचा पिचर म्हणून चाचपडत होता, बोचीने त्याला ऑक्टोबरमध्ये रिलीव्हर केलं आणि तो तिथे खुलला. डावखुरा लोपेझ कधी कधी एकाच बॅटरसाठी यायचा. लोक म्हणतात बोचीला अंतर्ज्ञान होतं. अंतर्ज्ञान कसलं डोंबलाचं, वर्षानुवर्षं बुलपेनमध्ये बसून चेंडू झेललेत त्या माणसाने.

---

मृण्मयी_के:

राखीव कॅचरांवर धागा आणि मो बर्गचा उल्लेख नाही? हे म्हणजे पुरणपोळीला बसवून तूप न वाढण्यासारखं आहे!

मो बर्ग, १९२३ ते १९३९ खेळला, बराच काळ बाकावर. प्रिन्स्टनचा पदवीधर, कोलंबियातून वकील झाला. भाषांचं वेड इतकं की त्याच्या अभ्यासात संस्कृतसुद्धा होतं. (हो, आपलं संस्कृत.) त्याच्याबद्दल गमतीने म्हणायचे, हा सात भाषा बोलतो आणि एकाही भाषेत बॅटिंग येत नाही. पुढे १९४०-४१ ला बोस्टन रेड सॉक्समध्ये कोच होता. मग महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात गेला. डिसेंबर १९४४ मध्ये त्याला झुरिचला हायझेनबर्गच्या व्याख्यानाला पाठवलं, खिशात पिस्तूल. जर्मन अणुबॉम्बच्या जवळ पोचलेत असं वाटलं तर हायझेनबर्गला तिथेच संपवायचं, अशी कामगिरी. त्याने व्याख्यान ऐकलं, माणूस पारखला आणि पिस्तूल न काढता परत आला.

बॅटर काय विचार करतोय ते ओळखायची सवय. समोरचा बॅटर फिजिक्सवाला होता इतकंच.

---

टवाळ_कार्ट:

मृण्मयीताई, शेवटच्या ओळीसाठी माझ्याकडून एक वडापाव.

---

विदर्भ_एक्सप्रेस:

नागपूरहून लिहितो. बेसबॉल मला शून्य कळतं, पण धागा वाचताना एकच माणूस डोळ्यांपुढे येत होता: चंद्रकांत पंडित.

मुंबईचा यष्टिरक्षक, आचरेकर सरांचा चेला. भारतासाठी ५ कसोटी, ३६ एकदिवसीय. त्याच काळात बडोद्याचा किरण मोरे होता, तो ४९ कसोटी खेळला. म्हणजे नंबर दोन. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात तसं. पुढे मध्य प्रदेशकडून खेळला, १९९९ ला कर्णधार म्हणून त्यांना रणजी फायनलला नेलं आणि बंगळुरूत कर्नाटककडून हरला.

मग कोच. मुंबईला रणजी जिंकून दिली, पण ते काय, मुंबई जिंकायचीच. आमच्याकडे आला तेव्हा विदर्भाने कधी फायनल बघितलेली नव्हती. २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिली रणजी, पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून दुसरी. फैझ फझल कर्णधार, वसीम जाफर चाळिशीला टेकलेला, आणि शिस्त अशी की पोरं थरथर कापत. मग तो मध्य प्रदेशात गेला आणि २०२२ ला त्यांना रणजी मिळवून दिली. कुठे? त्याच बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर, जिथे २३ वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून हरला होता. आणि हरवलं कोणाला, तर मुंबईला. सामना संपल्यावर तो रडला. मी इकडे टीव्हीसमोर, आणि बायको विचारतेय, "मध्य प्रदेश जिंकलं तर तुम्ही कशापायी रडून राहिले?"

---

नीलकंठ_सॅनहोजे:

वा! पंडित डोक्यात आला होता, पण विदर्भाच्या माणसाने लिहावं अशी इच्छा होती. तुमचा प्रतिसाद माझ्या धाग्यापेक्षा भारी.

फरक एकच. पंडित कडक मास्तर म्हणून ओळखला जातो, बोचीबद्दल खेळाडू वेगळं सांगतात, आवाज खर्जातला पण चढा क्वचितच. दोघांची रीत वेगळी, जागा तीच.

---

शंकासूर:

जागेबद्दल बोलताय तर दुसऱ्या बाजूचंही घ्या. ए. जे. हिंच. तोही कॅचर, कारकिर्दीची सरासरी .२१९. ह्यूस्टनचा मॅनेजर असताना २०१७ ला त्याचे खेळाडू कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरत होते आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवत होते. चौकशीत निघालं की हिंचला हे आवडत नव्हतं, त्याने तो मॉनिटर दोनदा फोडला. पण थांबा म्हणून खेळाडूंना सांगितलं नाही. २०२० चं वर्षभर निलंबन. खुणा देण्यात आयुष्य घालवलेला माणूस खुणांची चोरी बघत गप्प बसला.

आणि केव्हिन कॅश. राखीव कॅचर, सरासरी .१८३, म्हणजे बोचीपेक्षाही बेताची. टँपाचा उत्तम मॅनेजर. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात त्याचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सना नाचवत होता, ७३ चेंडू, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), फक्त २ हिट. कॅशने त्याला काढलं, कारण गणित सांगत होतं की तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर पिचरला ओळखू लागतो. डॉजर्स ३-१ ने जिंकले. बुलपेनमध्ये बसून माणसं ओळखता येतात म्हणे.

---

डॅलसकर:

कॅशचा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, पण त्यावर वेगळा धागा निघेल. हिंचबद्दल मात्र मुद्दा बरोबर.

---

नीलकंठ_सॅनहोजे:

हिंचचं मान्य, त्याला बचाव नाही. (तो डेट्रॉइटमध्ये पुन्हा उभा राहिलाय ही वेगळी गोष्ट.)

कॅशच्या उलट टोकाचं उदाहरण २०१४ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, कॅन्सस सिटी. मॅडिसन बमगार्नरने पाचव्या सामन्यात ११७ चेंडू टाकून एकहाती नऊ इनिंग काढल्या होत्या. दोन दिवसांची विश्रांती, आणि बोचीने त्याला पाचव्या इनिंगला रिलीव्हर म्हणून आणलं. सगळ्यांना वाटलं दोन, फार तर तीन इनिंग. बुलपेनमध्ये ते विश्वासाचे लोक बसलेले. बोची डगआउटच्या (मैदानालगत संघ बसतो ती जागा) कठड्याला टेकून उभा, बमगार्नर येतोय, जातोय, येतोय. पाच इनिंग, ६८ चेंडू, शून्य धावा. गणिताने कधीच काढलं असतं.

नवव्या इनिंगला दोन बाद झाल्यावर गॉर्डनचा हिट आमच्या क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला आणि तो थेट तिसऱ्या बेसवर पोचला. ३-२. बॅटिंगला साल्व्हादोर पेरेझ, तोही कॅचर. सगळे उंच चेंडू टाकले, शेवटचा त्याने उडवला आणि सांदोव्हालने झेलून मैदानावर लोळण घेतली.

आणि ज्यासाठी हे लिहायला बसलो ते हे: त्या रात्री समोरच्या डगआउटमध्ये कॅन्ससचा मॅनेजर होता नेड योस्ट. कारकिर्दीची सरासरी .२१२. राखीव कॅचर! मग अटलांटात बॉबी कॉक्सच्या हाताखाली वर्षानुवर्षं बुलपेनचा कोच. जगातल्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल सामन्यात दोन्ही बाजूंना असे दोघे उभे होते, ज्यांना खेळाडू म्हणून कुणी तिकीट काढून बघायला आलं नसतं. योस्टने पुढच्या वर्षी जिंकून हिशेब चुकता केला.

---

राखीव_यष्टिरक्षक:

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आयडीचं नाव बघून कळेलच का लिहितोय.

नव्वदच्या दशकात एका क्लबकडून कांगा लीगला होतो. पावसाळ्यातली स्पर्धा, खेळपट्टीवर गवत, मैदानात घोट्यापर्यंत पाणी. तीन वर्षांत मी सात सामने खेळलो. एरवी किट बॅग वाहायची, गोलंदाजांना सराव द्यायचा, स्कोअर लिहायचा. क्लबच्या एका पदाधिकाऱ्याने मला एकदा सगळ्यांसमोर "छत्री" म्हटलं होतं, म्हणजे पाऊस आला तरच लागते. राग आला, पण खोटं नव्हतं.

आता डोंबिवलीत रविवारी मुलांना शिकवतो. बारा मुलं आली की त्यातलं एक बाजूला बसलेलं असतंच. माझं लक्ष आधी तिकडे जातं, त्याला मी काही करू शकत नाही.

नीलकंठ, बोचीचं डोकं मोठं होतं असं कुठेतरी वाचलं, ते खरं का? शब्दशः विचारतोय.

---

नीलकंठ_सॅनहोजे:

राखीव_यष्टिरक्षक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा हो.

डोकं शब्दशः मोठं. टोपीचं माप आठच्या वर. मेट्सकडे गेला तेव्हा त्याच्या मापाचं हेल्मेटच नव्हतं, म्हणून जुन्या संघाचं हेल्मेट सोबत घेऊन गेला आणि त्यावर नवा रंग मारून घेतला. संघ बदलला की हेल्मेट तेच, रंग नवा.

---

जुई_प:

हेल्मेट वाचून ऑफिसात हसू फुटलं. पण मला सांगा, पोझी पोझी म्हणतात तो कोण? नवरा सारखं नाव घेतो.

---

नीलकंठ_सॅनहोजे:

बस्टर पोझी, जायंट्सचा कॅचर, राखीव वगैरे अजिबात नाही. २०१० ला तो चढत असताना आधीचा कॅचर बेंगी मोलिना याला हंगामाच्या मध्यावर टेक्सासला देऊन टाकलं, आणि ऑक्टोबरमध्ये तोच मोलिना समोरच्या संघातून वर्ल्ड सिरीज खेळायला हजर! मे २०११ ला होम प्लेटवर (धाव पूर्ण होते ती जागा, तिथेच कॅचर बसतो) धावणारा खेळाडू पोझीवर आदळला, पोझीचा पाय मोडला, हंगाम संपला. बोचीने तेव्हापासून ही धडक बंद करा म्हणून आवाज उठवला. स्वतः तिथे बसून धक्के खाल्लेले ना. २०१४ ला नियम आला.

---

डॅलसकर:

आमच्याकडचा शेवट मात्र साधाच झाला. २०२४ ला ७८ विजय, २०२५ ला बरोब्बर ८१-८१, आणि हंगामानंतर दोघांनी हात सोडला. मेजर लीगमध्ये दोन लीग असतात; एका लीगमध्ये आणि मग दुसऱ्या लीगमध्येही वर्ल्ड सिरीज जिंकलेले त्याच्यासकट तीनच मॅनेजर आहेत, स्पार्की अँडरसन, टोनी ला रुसा आणि हा. त्यात आमचं नाव आलं, मला पुरे.

---

शंकासूर:

माझा विरोध कायम. पण खेळाडू म्हणून त्याने काहीच लक्षात राहण्यासारखं केलं नाही, हे तरी मान्य करा?

---

नीलकंठ_सॅनहोजे:

नाही करत.

१९८५, सॅन डिएगो. ह्यूस्टनकडून नोलन रायन, सर्वांत जास्त स्ट्राइकआउट घेणारा पिचर, ५७१४. बोचीचा एके काळचा सहकारी. सामना बरोबरीत, जादा इनिंग. बोचीने रायनला होमरन मारला आणि सामना तिथेच संपला. सत्तावीस हंगामांत रायनला असा सामना संपवणारा होमरन एकदाच बसला, तो या राखीव कॅचरचा.

---

शंकासूर:

बरं, एक. आणखी?

---

नीलकंठ_सॅनहोजे:

१९८४ ला पाड्रेज वर्ल्ड सिरीज खेळले, डेट्रॉइटकडून ४-१ हरले. बोची सगळे दिवस बाकावर. एकदाच बॅट घेऊन पाठवलं.

---

टवाळ_कार्ट:

आणि?

---

नीलकंठ_सॅनहोजे:

हिट. वर्ल्ड सिरीजमधली सरासरी १.०००.